मथीमावशीचा चिखल

लोक मला विचारतात, "बाई, नवापूरच्या मागचं ते कांदळवन तुम्हीच उभं केलंत ना?" मी हो म्हणते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी "छे हो, माझं कसलं" म्हणाले होते. समोरच्याला तो माझा विनय वाटला आणि त्याने आणखी दोन वाक्यं कौतुक केलं. तेव्हापासून हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात माझी अब्रू जाते. जाऊ दे. पुढच्या वर्षी निवृत्त होतेय, आता अब्रू घेऊन करायचंय काय? ते कांदळवन मथीमावशीने लावलं. आणि तिला ते तिथे नको होतं.

मथी म्हणजे मथुरा. नवापूरच्या मांगेलआळीतली, मासेमारांच्या वस्तीतली. नवरा बोटीवर खलाशी होता, तो लवकर गेला. बोट नाही, जाळं नाही, पदरात एक मुलगी. मग तिचं शेत म्हणजे खाडीमागचा चिखल. ओहोटी लागली की क्रिकेटची दोन मैदानं मावतील एवढा चिखल उघडा पडायचा, काळा, गुळगुळीत, उन्हात चकाकणारा. त्यातून ती निवट्या पकडायची, शिंपल्यातले खुबे काढायची, नशीब असेल तर चिंबोरी, म्हणजे मोठा खेकडा. बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसायची आणि दुपारच्या आत रिकामी करून उठायची. बुटकी, काटक, कासोटा घट्ट, आणि आवाज असा की पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून बघेल.

त्या आवाजानेच मला एकदा वाचवलं. मी पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पंधराएक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना तिवराची श्वसनमुळं दाखवायला खाडीवर घेऊन गेले. मी जात्याच आगाऊ. मुलं बांधावर उभी, आणि मी "या, या, घाबरता काय!" करत पुढे. सातव्या-आठव्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. जितकी ओढतेय तितकी खाली जातेय. मुलांनी मोबाइल बाहेर काढले, मेल्यांनी.

"उबी राहू नको! बस! बस खाली!" लांबून हाक आली.

मी कशी बसणार? प्राध्यापिका आहे मी.

"अगो बाय, चिकलात ऐटीत उबा राहिला तो गेला! लोळ!"

लोळले. पन्नास विद्यार्थ्यांसमोर नवा कोरा ड्रेस घालून चिखलात लोळले. हाक मारणारी मथीमावशी पाय उचलत नव्हती, सरकवत होती. टाच टेकवत नव्हती. भराभरा माझ्यापाशी आली, काखेत हात घातला आणि मुळा उपटावा तशी मला उपटली. चपला राहिल्या त्या राहिल्याच.

बांधावर आल्यावर तिने मला नीट बघितलं आणि एकदम अहोजाहो सुरू केलं. "तुमी काय शिकवता, बाई?"

"झाडांबद्दल."

"मंग चिकलात कशाला आलात? झाडाकडे जायचा."

ही तिची रीत मला पुढे कळली. कोरड्यावर मी "बाई, तुमी". ती चिखलात उतरली की "बाय, तू". चिखलात कोण मोठं ते तिच्या दृष्टीने ठरलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मी तिच्याकडे जायला लागले. नाव अभ्यासाचं, पण खरं म्हणजे मला तिची बडबड आवडायची. पाणी ओसरायला लागलं की बाकीच्या बायका लगेच उतरायच्या. मावशी उतरायची नाही. बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि पाखरं बघायची. हिवाळ्यात तिथे काय पाखरं यायची! शेकाट्या, तुतवार, चिखल्या, झुंडीच्या झुंडी. तिची स्वतःची नावं होती. लाटेच्या कडेने घोळक्याने धावणारे छोटे तुतवार म्हणजे "शाळेची पोरां". लाल लांब पायांच्या शेकाट्या म्हणजे "केळव्याच्या बीचला येनाऱ्या पावन्या", कारण त्यासुद्धा तशाच कपडे वर धरून, नाक वाकडं करत पाण्यात चालतात. आणि एक मोठा, भुरा, लांब वाकड्या चोचीचा पक्षी. पुस्तकात त्याला कोरल म्हणतात. ती म्हणायची विळेवाला. तो तिचा लाडका.

मी भाबडेपणाने म्हटलं, "मावशी, पाखरांना आधी खाऊ देता, किती छान!"

ती अशी हसली की शेजारचा वंचक बगळा उडाला. "छान कसला? विळेवाला कुटं चोच घालतो ते बगायचं. त्याला वरनं कळतं आत काय हाय ते. मना काय कळतं? तो जेवला की मी त्याच भोकाशी जाते. फुकटचा वाटाड्या हाय तो माजा." मग म्हणाली, "पन त्याचं पोट भरल्याबिगर जायचं नाय. नायतं उद्या दाकवायला येयाचा नाय."

तिच्या सगळ्याच नियमांना असा रोकडा अर्थ होता. लहान चिंबोरी धरायची नाही. एका भोकाला दोनदा हात घालायचा नाही. चिखलातून निघताना आपलं पाऊल बुजवायचं, म्हणजे दुसरीचा पाय मुरगळत नाही. आणि काम हातात घेतलं की नीट करायचं. हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता, तो तिच्या अंगातच होता. बुधवारी बोईसरच्या बाजाराला आली की तिथल्याच माझ्या घराच्या दारात पानात बांधलेल्या निवट्या ठेवून जायची. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटाएवढे मासे. चिकट, बुळबुळीत, साफ करताना जीव जातो. तिने राखेत घोळवून, खरवडून दिलेल्या असत. मी एकदा म्हटलं, "अहो, मी करीन की साफ, तुम्ही नुसत्या आणा." तर म्हणाली, "तशा कशा देऊ? देयाच्या तं खायाजोग्या देयाच्या."

एकदा मी तिला कॉलेजात बोलावलं, मुलांशी बोलायला. आली, नवं लुगडं नेसून. बोलायच्या आधी आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी तिला प्रयोगशाळा दाखवली. कपाटात काचेच्या बरणीत एक मोठी चिंबोरी, खाली चिठ्ठी: नर. मावशीने बरणी हातात घेतली, वळवली, उलटी केली.

"सर, ही मादी हाय."

सर समजुतीच्या सुरात हसले. "नाही हो आजी, ते आधीच्या सरांच्या काळापासूनचं आहे."

"आदीच्या सरांच्या काळापास्नं मादीच हाय," मावशी म्हणाली. "पोट बगा. पोटावरचा पदर रुंद हाय ना? नराचा निमुळता असतो. मेली बिचारी आनि वर बाप्या झाली."

मुलं बाकं बडवत हसली. सरांनी चिठ्ठी बदलली. त्या दिवशी तिचं भाषण झालंच नाही, ती प्रत्येक बरणी तपासत बसली. मलाही अभिमान वाटला, जणू मीच तिला घडवली होती. आपलाच शोध असल्यासारखं मी तिला मिरवत होते, हे आता कळतं.

तिची मुलगी दर्शना आमच्याच कॉलेजात होती. शेवटच्या वर्षाला काकाने तिचं लग्न ठरवलं. मी मांगेलआळीत जाऊन त्या काकाशी कडाकडा भांडले. लग्न पुढे गेलं, मुलगी पदवीधर झाली, नोकरीला लागली. मावशीने मला कधी "उपकार झाले" वगैरे म्हटलं नाही. त्या बुधवारी पानातल्या निवट्या दुप्पट होत्या, इतकंच. हे सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याचा उपयोग केला.

कॉलेजात मूल्यांकनाची समिती येणार होती. पर्यावरणाचं काही ठोस दाखवायला हवं होतं. कांदळवन लागवड! एका कंपनीने टोप्या दिल्या, टी-शर्ट दिले, फलक दिला. कांदळाच्या शेंगा पोत्यांनी आल्या. हातभर लांब, हिरव्या, टोकदार. त्या नुसत्या चिखलात खोचायच्या, की झाड. जागा मात्र अशी हवी होती की बस जाईल, पाहुण्यांचे बूट खराब होणार नाहीत आणि फोटो नीट येईल. खरी ओसाड जागा होती पलीकडे, फुटलेल्या बांधापाशी. तिथलं तिवर कधीकाळी तोडलेलं होतं, लावायचं तर तिथे लावायला हवं होतं. पण तिथे पोचायला अर्धा तास चिखल तुडवावा लागे. रस्त्याला लागून होता तो फक्त मावशीचा चिखल.

श्रावण होता. मी जागा बघत असताना ती आली. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "इतं नको, बाई."

"का? मोकळीच तर आहे जागा. पाखरूसुद्धा नाही एक."

"ते गावाला गेलेत. दसऱ्यापरेन येतील." तिने हाताने उत्तरेकडे दाखवलं. "कुनी गावाला गेला म्हनून त्याच्या अंगनात घर बांदतात काय?"

मी वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख. हिवाळी पाहुणे पक्षी कुठून कुठे जातात ते मी नकाशा काढून शिकवलंय. उघडा चिखल म्हणजे पडीक जागा नव्हे, हेही मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मावशी, झाड लावणं कधी वाईट नसतं."

तिने माझ्याकडे पाठ केली आणि आळीची वाट धरली.

लागवड धूमधडाक्यात झाली. मुलांनी शेंगा भाल्यासारख्या फेकल्या, निम्म्या उलट्या खोचल्या, बाकीच्या इतक्या वरवर की वारा आला तरी पडाव्यात. फोटो सुंदर आले. आठवड्याने मी बघायला गेले, तर भरतीने सगळ्या शेंगा उचलून बांधाच्या कडेला ओळीने आणून टाकल्या होत्या. आणि समिती महिन्यावर आलेली.

मी तडक मांगेलआळीत गेले. मावशी ओट्यावर सुकटीतला कचरा निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, मुलांनी घाण करून ठेवली. तुम्हीच लावून द्या. तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

ती निवडतच राहिली.

मग मी म्हणाले, "दर्शनासाठी मी भांडले होते, आठवतं ना? एवढं माझ्यासाठी करा."

तिने मान वर केली. रागावली असती तर बरं. तिने नुसतं बघितलं, आणि सुपातली सुकट डब्यात ओतली. "उदानाची मोटी भरती उतरू दे," म्हणाली. "भांग लागला की पानी जोर नाय करत. तवा लावते."

पाच दिवस ती लावत होती. एकटी. मी दोन दिवस गेले, बांधावर उभी राहिले. काय लावत होती! चिखलाला जिथे जरा उंचवटा तिथेच. शेंगेचं टोक बघून, वीत मोजून, खाली घट्ट आणि वर मोकळी. दोन झाडांत एक हात. एकही वाकडी नाही. कामात असताना ती मला "बाई, तुमी सावलीत बसा" म्हणाली. चिखलात उभी राहून तिने मला तुमी म्हटलं, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

समिती आली, खूश झाली. आम्हाला हवी ती श्रेणी मिळाली. त्यानंतरही मावशी पंधरा दिवसांनी एकदा जायची आणि रोपांना चिकटलेले कालवांचे खडे नखाने काढायची, नाहीतर रोप मरतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. दसऱ्याला पाखरं आली, काड्यांमधून वावरली, सगळं ठीक वाटलं. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा, उगाच घाबरवत होती.

दुसऱ्या वर्षी पानं फुटली. तिसऱ्या वर्षी मुळांच्या कमानी निघाल्या, त्यांत गाळ अडकायला लागला. चौथ्या वर्षी चिखल घट्ट झाला, वर आला, खुबे संपले. त्याच थंडीत विळेवाला आला. मी मावशीबरोबर बांधावर होते. त्याने दोन फेऱ्या घातल्या, खूप खाली आला, पाय सोडले, आणि पुन्हा वर गेला. ज्याला चहूकडून मोकळं दिसायला लागतं तो झाडीत कसा उतरेल? तो खाडीच्या तोंडाकडे निघून गेला. मावशी त्याच्याकडे बघत राहिली, मग पदराने डोळे पुसले. उन्हाने पुसले असतील. मी विचारलं नाही.

दुसरंच विचारलं. किती दिवस मनात होतं ते. "मावशी, तुम्हाला नको होतं ना? मग वाईट लावायचं होतं की. चार भरत्यांत गेलं असतं सगळं. मला काय कळणार होतं?"

तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, "वाईट कसं लावतात ते मना येत नाय, बाई."

बाकी सगळं छानच झालं. झाडं डोक्याच्या वर गेली. कोल्हा आला, खंड्या आला, फांद्यांवर वंचकांची घरटी झाली. खाडीकडेला पाटी लागली: संरक्षित कांदळवन, तोड केल्यास कारवाई. मुंबईहून लोक कॅमेरे घेऊन यायला लागले. ते खोटं नाही, ते जंगल सुंदर आहे. मी त्यातून फिरते आणि मला आवडतं, आणि आवडलं की स्वतःचीच शिसारी येते. आळीतल्या बायका एकेक करत बोईसरला कंपन्यांमध्ये साफसफाईला जायला लागल्या. मावशी गेली नाही. "झाडू मारायला कंटाळा नाय," म्हणाली, "पन पंखा डोक्यावर फिरतो, भरती कळत नाय."

माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. भाषणात मी म्हणाले, "स्थानिकांचं मोलाचं सहकार्य लाभलं." स्थानिक! नाव घेतलं असतं तर कोणीतरी तिला गाठून विचारलं असतं, आणि ती खरं बोलली असती. म्हणून नाही घेतलं. दर्शना तिसऱ्या रांगेत बसली होती. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तिचे हात मांडीवरच होते. बाहेर भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, आई बरी आहे," आणि निघाली. मी विचारलंही नव्हतं.

मावशीला शेवटची पाहिली ती मागच्या थंडीत. शिक्षकांचा एक गट जंगल बघायला येणार होता, म्हणून जायची वाट नीट आहे का ते बघायला मी सकाळी गेले होते. जंगल संपतं तिथे, खाडीच्या तोंडाशी, उघड्या चिखलाची एक पट्टी उरलीय, आळीतल्या बोळाएवढी. तिथे ती उकिडवी बसली होती. खूप वाळली होती. पट्टीच्या त्या टोकाला थोडे तुतवार धावत होते.

मी चपला काढून उतरले, पाय सरकवत तिच्यापाशी गेले. तिने मला बसायला खुणावलं. मग दिसलं. पट्टीत जागोजागी कोवळी रोपं उभी होती, दोन-दोन पानांची. मागच्या झाडांच्या शेंगा गळून, वाहत येऊन रुजल्या होत्या. दोन-तीन वर्षांत ही पट्टीही जाणार, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तिने एका रोपाला बुडाशी दोन बोटांत धरलं. "ही मी नाय लावली, बाय," ती म्हणाली. "उपटू काय?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. पाटी मागे राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती, अगदी साधं, वर्गातली मुलगी बघते तसं. मला "हो" हा एक शब्द म्हणायचा होता. आणि माझ्या डोक्यात काय आलं? तासाभरात येणारे शिक्षक. कोणी पाहिलं तर छापून येणारं नाव. कायदा तर आलाच, पण तो शेवटी आला.

"नको, मावशी," मी म्हणाले. "गुन्हा होतो तो."

"बरं," ती म्हणाली.

तिने बोटं सोडली. धरल्यामुळे ते रोप जरा हललं होतं, एका बाजूला कललं होतं. तिने दोन्ही हातांनी त्याच्या बुडाशी चिखल ओढला, अंगठ्याने चारी बाजूंनी दाबला, रोप सरळ केलं. मग टोपली उचलली आणि बांधाकडे निघाली. गुडघे दुखत होते तिचे, पोचायला तिला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला हाक मारता आली असती. मी मारली नाही.